मामांचा पासवर्ड

मे २००६ मधली गोष्ट. शनिवारी सकाळी स्वारगेटहून साताऱ्याची एसटी पकडली तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात एक फ्लॉपी होती, आणि डोक्यात बरीच हवा. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. नातेवाईकांत "आमचा कॉम्प्युटरवाला" अशी ख्याती. कुणाच्या लग्नात गेलं तरी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी प्रिंटरचं दुखणं घेऊन शेजारी बसायचंच.

मामा मार्चमध्ये गेले. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक पीसी घेतला होता. गावातल्याच एका मुलाने असेंबल करून दिलेला, विंडोज एक्सपी प्रोफेशनल, चाळीस जीबीची डिस्क. मामांचे सगळे हिशेब त्यात. कुठल्या पतसंस्थेत किती ठेव, पावती क्रमांक काय, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, सगळं एका एक्सेलच्या फाईलमध्ये. पावत्या घरात होत्या, पण सगळ्या नव्हत्या, आणि किती नाहीत हेही कुणाला माहीत नव्हतं. त्या वेळी आमच्या भागातल्या पतसंस्थांचं काय चाललं होतं ते सांगायला नको. मामींना घाई होती ती उगाच नव्हती. मशीन सुरू केलं की निळ्या वेलकम स्क्रीनवर मामांचं एकच नाव, शेजारी बदकाचं चित्र, आणि खाली पासवर्डची चौकट.

नातेवाइकांनी सुचवलेले सगळे पासवर्ड टाकून झाले. कंट्रोल-आल्ट-डिलीट दोनदा दाबून जुनी लॉगिनची खिडकी आणली, तिथे 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहून पासवर्ड रिकामा ठेवून पाहिला. नाही. असेंबल करणाऱ्या मुलाने इन्स्टॉल करताना काहीतरी पासवर्ड टाकला असणार, आणि तो मुलगा दुकान बंद करून मुंबईला गेलेला. मग मी खिशातून फ्लॉपी काढली.

त्या फ्लॉपीबद्दल सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. बरंच मागे.

ज्यांनी विंडोज ९५ किंवा ९८ वापरलंय त्यांना आठवत असेल, मशीन सुरू झालं की ते नाव आणि पासवर्ड विचारायचं. आणि तुम्ही 'कॅन्सल' म्हटलंत की सरळ आत घ्यायचं! कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही यावर पोटभर हसायचो. पण ते हसणं थोडं अन्यायाचं होतं. तो पासवर्ड दाराचा नव्हताच. नेटवर्कवर जायचं असेल तर, आणि साठवून ठेवलेले दुसरे पासवर्ड ज्या पीडब्ल्यूएल फाईलमध्ये असत ती उघडायची असेल तर, तो लागायचा. विंडोज ९५ ला 'मालक' ही कल्पनाच नव्हती. जो खुर्चीत बसला तो मालक. मशीनवर तुमचं जे काही आहे ते सगळं त्याला उघडं. डॉसपासून हेच चालत आलं होतं, आणि घरात एक मशीन, एक माणूस, असं असेपर्यंत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर नावाचा प्राणी विंडोजमध्ये आला तो दुसऱ्याच घराण्यातून. डेव्ह कटलर हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारा माणूस १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आला, सोबत डिजिटलमधले काही सहकारीही आले. त्यांनी बनवलेली विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये बाजारात आली. पहिल्याच आवृत्तीला '३.१' असा आकडा, कारण तेव्हाच्या साध्या विंडोजचा आकडा तोच होता. आत मात्र दोघींचा काही संबंध नव्हता. एनटीमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला एक ओळख क्रमांक, प्रत्येक फाईलवर 'कुणाला काय करता येईल' याची यादी, आणि या सगळ्याच्या वर एक ॲडमिनिस्ट्रेटर. हे सरकारी आणि मोठ्या कंपन्यांच्या मशीनसाठी होतं. तिथे दाराशी वॉचमन असतो आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप असतं.

कंट्रोल-आल्ट-डिलीटची गंमत इथलीच. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पहिल्या पीसीच्या वेळी ही तीन बटणं मशीन रीस्टार्ट करण्यासाठी ठरवली होती. एनटीने तीच लॉगिनसाठी घेतली. कारण साधं होतं: ही तीन बटणं दाबली की नियंत्रण थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातं, मधल्या कुठल्या प्रोग्रामला ते अडवता येत नाही, त्यामुळे कुणी खोटी लॉगिनची खिडकी दाखवून पासवर्ड चोरू शकत नाही. पुढे २००१ मध्ये पीसीच्या विसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात ब्रॅडली बिल गेट्सच्या देखत म्हणाले होते की शोध माझा, पण त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती बिलने. गेट्स हसले नाहीत म्हणतात.

आता पासवर्ड ठेवायचा कुठे? एनटीने तो 'सॅम' नावाच्या फाईलमध्ये ठेवला. म्हणजे पासवर्ड नव्हे, त्याचा हॅश. पासवर्ड एका गणितातून काढून जो आकडा मिळतो तो. आकड्यावरून उलटं पासवर्डाकडे जाता येऊ नये अशी अपेक्षा. विंडोज चालू असताना ही फाईल कुणालाच उघडता येत नाही, ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही.

अपेक्षा ठीक होती, पण एनटीला जुन्यांनाही सांभाळायचं होतं. डॉस आणि ओएस/२ च्या काळातलं लॅन मॅनेजर नावाचं नेटवर्क ऑफिसांत पसरलेलं होतं, त्याच्या मशीन्सना एनटीच्या सर्व्हरशी बोलता यायला हवं होतं. म्हणून एनटी दोन हॅश ठेवायची. एक आपला, आणि एक जुना, 'एलएम' हॅश. या एलएम हॅशसारखी फसलेली गोष्ट आमच्या धंद्यात शोधून सापडणार नाही. पासवर्ड घ्यायचा, सगळी अक्षरं कॅपिटल करायची, चौदा अक्षरांपर्यंत शून्यांनी भरायचा, आणि मधोमध कापायचा. सात इकडे, सात तिकडे. प्रत्येक तुकडा डीईएस या पद्धतीची किल्ली म्हणून वापरायचा आणि त्या किल्लीने 'केजीएस!@#$%' हा ठरलेला मजकूर बंद करायचा. सातच का? डीईएसची किल्ली ५६ बिटांची, आठ बिटांचं एक अक्षर, सात आठे छप्पन्न. इतकंच.

पण त्या कापण्याने काय झालं बघा. चौदा अक्षरांचा एक पासवर्ड फोडायचा नाही, सात अक्षरांचे दोन फोडायचे, तेही वेगवेगळे. फक्त कॅपिटल अक्षरं आणि आकडे धरले तर सातांच्या तुकड्याच्या सगळ्या शक्यता होतात साधारण ७,८३६ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण कॉम्प्युटरला नाही. आणि पासवर्ड सात किंवा कमी अक्षरांचा असेल तर दुसरा तुकडा नुसता शून्यांचा, त्याचा हॅश जगातल्या प्रत्येक मशीनवर एकच: 'एएडी३बी४३५बी५१४०४ईई'. नुसता बघूनच कळायचं की पासवर्ड छोटा आहे. (देवनागरीत पासवर्ड ठेवला असता तर त्याचा एलएम हॅश झालाच नसता, कारण ती अक्षरं जुन्या कोडपेजमध्ये नाहीत. पण २००६ मध्ये देवनागरीत पासवर्ड कोण ठेवतो!)

आणि मीठ नाही. युनिक्सवाल्यांनी, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी, १९७९ च्या लेखात लिहून ठेवलं होतं की प्रत्येक पासवर्डात हॅश करण्याआधी थोडा वेगळा यादृच्छिक आकडा मिसळा, म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड एक असला तरी हॅश वेगळा येईल. त्याला 'सॉल्ट' म्हणतात. एलएममध्ये तो नाही, एनटीच्या नव्या हॅशमध्येही नाही. नवा हॅश म्हणजे रॉन रिव्हेस्टच्या एमडी४ मधून पासवर्ड एकदा फिरवायचा, बस्स. एलएमचं एक वेळ समजू शकतो, जुन्या मशीन्सशी जमवायचं होतं. पण नवा बनवताना चौदा वर्षांपूर्वीचा लेख वाचायला काय झालं होतं? माझा हा राग अजून गेलेला नाही.

व्हायचं ते झालं. १९९७ हे वर्ष त्यात महत्त्वाचं. सांबावर काम करणाऱ्या जेरेमी ॲलिसनने रजिस्ट्रीतून हॅश बाहेर काढणारा पीडब्ल्यूडम्प लिहिला. बॉस्टनच्या लॉफ्ट या मंडळींनी हॅशवरून पासवर्ड काढणारा लॉफ्टक्रॅक काढला. (याच मंडळींपैकी सात जणांनी मे १९९८ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर साक्ष देऊन सांगितलं होतं की आम्ही अर्ध्या तासात इंटरनेट बंद पाडू शकतो.) मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी एनटी ४ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये 'सिसकी' आणली: सॅममधले हॅश आणखी एका १२८ बिटांच्या किल्लीने बंद. छान. पण मशीनला स्वतःहून सुरू व्हायचं असेल तर ती किल्ली मशीनवरच हवी. म्हणून ती तुकडे करून त्याच डिस्कवर, शेजारच्या रजिस्ट्रीच्या फाईलमध्ये ठेवली. दाराला नवीन कुलूप, किल्ली तुळशीच्या कुंडीखाली.

आणि याच सुमाराची माझी ती फ्लॉपी. पेटर नूर्डाल-हागेन नावाच्या नॉर्वेजियन माणसाने बनवलेली. त्याचं डोकं वेगळं चाललं. पासवर्ड शोधायचाच कशाला? विंडोज चालू असताना सॅम उघडता येत नाही ना, मग विंडोज चालूच करू नका. फ्लॉपीवरून छोटं लिनक्स सुरू करायचं, डिस्कवरची सॅम फाईल उघडायची, आणि जिथे हॅश आहे तिथे 'पासवर्ड नाही' असं लिहून टाकायचं. एनटीच्या त्या सगळ्या याद्या आणि ओळख क्रमांक विंडोज जागं असेपर्यंतच. विंडोज झोपलेलं असताना डिस्क म्हणजे नुसते बाइट्स. मायक्रोसॉफ्टच्याच सुरक्षा विभागाने २००० मध्ये 'अटळ नियम' म्हणून दहा गोष्टी छापल्या, त्यात हेही होतं की परक्या माणसाच्या हाती तुमचं मशीन प्रत्यक्ष पडलं तर ते तुमचं राहिलं नाही.

तर साताऱ्यात. फ्लॉपी घातली, मशीन सुरू केलं. काळ्या स्क्रीनवर प्रश्न येत गेले. कुठलं पार्टिशन, कुठलं अकाउंट. मामांचं अकाउंट निवडलं. नवा पासवर्ड द्या, किंवा रिकामा करायचा तर फुली द्या. फुली दिली. शेवटी, डिस्कवर लिहू का? या प्रश्नाचं न सांगता धरलेलं उत्तर 'नाही' होतं, ते मला 'हो' असं टाइप करावं लागलं. ते मला आजही आठवतं. रीस्टार्ट. वेलकम स्क्रीनवर मामांच्या नावावर क्लिक केलं आणि थेट डेस्कटॉप. मामी मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "झालं? एवढ्यात?" मी खुर्चीत जरा रेलून बसलो.

'माय डॉक्युमेंट्स' मध्ये 'हिशेब' नावाचा फोल्डर. आत सात-आठ फायली. सगळ्यांची नावं हिरव्या रंगात.

हिरवा रंग बघून पोटात गोळा आला. एक्सपीमध्ये हिरवं नाव म्हणजे एनक्रिप्ट केलेली फाईल. डबल क्लिक केलं. परवानगी नाही. दुसरी. परवानगी नाही.

मामांनी कुठल्यातरी मासिकात वाचून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ती एक खूण केली असणार. बँकेतला माणूस, कुलूप दिसलं की लावणार. ही ईएफएस नावाची सोय विंडोज २००० बरोबर आली होती, कारण नेमकं हेच: फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की एनटीच्या परवानग्यांना काही अर्थ उरत नव्हता. मग फाईलच गणिताने बंद करा. पण २००० मध्ये घरच्या मशीनवरचा ॲडमिनिस्ट्रेटर हा आपोआप 'रिकव्हरी एजंट' असायचा, कुणाचीही फाईल उघडू शकणारा. म्हणजे फ्लॉपीने ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड उडवा, आत या, सगळं वाचा. लोकांनी यावर मायक्रोसॉफ्टला झोडपलं, बरोबरच झोडपलं. म्हणून २००१ च्या एक्सपीमध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. घरच्या मशीनवर आपोआप होणारा रिकव्हरी एजंट काढून टाकला. आणि फायलींची किल्ली वापरणाऱ्याच्या पासवर्डातूनच काढलेल्या किल्लीने बंद केली. आता पासवर्ड बाहेरून बदलला तर लॉगिन होईल, पण आतली पेटी जुन्याच पासवर्डाने उघडणार. विंडोजच्या आतून दुसऱ्याचा पासवर्ड बदलायला गेलात तर एक्सपी तसा इशाराही देतं. फ्लॉपीवरून केलंत तर विंडोजला कळतच नाही, इशारा कोण देणार? नूर्डाल-हागेनने आपल्या पानावर हा धोका लिहून ठेवला होता. मी फ्लॉपीची फाईल उतरवली, पान वाचलं नाही.

मी तज्ज्ञांनी टीका करून करून मजबूत करून घेतलेल्या कुलपासमोर बसलो होतो, आणि पेटीच्या मालकाची बायको मागे उभी होती.

मामींना काय सांगितलं? खोटं. म्हटलं, एक सॉफ्टवेअर पुण्याहून आणावं लागेल. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो. वाईट गोष्ट ही नव्हती की फायली उघडल्या नाहीत. वाईट ही की सकाळपर्यंत त्या उघडण्याची शक्यता होती. सॅममध्ये मामांच्या पासवर्डाचा एलएम हॅश होता, तोच ज्याची मी वर एवढी निंदा केली. २००३ मध्ये लोझानच्या फिलिप ओक्सलँ यांनी दाखवून दिलं होतं की १.४ जीबीचे आधीच करून ठेवलेले तक्ते असतील तर अक्षरं-आकड्यांचे ९९.९ टक्के एलएम पासवर्ड सरासरी १३.६ सेकंदांत निघतात. कल्पना मार्टिन हेलमनची, १९८० ची: एकदाच भरपूर गणित करून ठेवा, ते साठवा, मग प्रत्येक वेळी शोधायला थोडाच वेळ. ओक्सलँनी ती सुधारली आणि तक्त्यांना 'रेनबो टेबल' नाव दिलं. मीठ नसल्यामुळेच हे जमतं, एकच तक्ता जगभरच्या विंडोजला चालतो. ऑफक्रॅक हा प्रोग्राम आणि त्याचे छोटे तक्ते फुकट मिळत होते. पासवर्ड कळला असता तर कुठलीच पेटी फोडावी लागली नसती. आणि मी तो हॅश माझ्या हाताने पुसला होता. 'हो' असं टाइप करून.

पुढचे दोन आठवडे मामींचे फोन टाळले. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत नेटवर्क टीममधल्या एका सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. डबा खाता खाता त्याने विचारलं, "सिस्टीम रिस्टोर चालू होतं का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. एक्सपी दर थोड्या दिवसांनी रिस्टोर पॉइंट घेऊन ठेवतं. काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. त्यात रजिस्ट्रीच्या सगळ्या फायलींच्या नकला असतात. आणि सॅम ही रजिस्ट्रीचीच एक फाईल आहे.

पुन्हा शनिवार, पुन्हा एसटी. या वेळी नॉपिक्सची सीडी आणि यूएसबीची एक हार्डडिस्क. आधी मामांची पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली, अक्कल उशिरा आली पण आली. रिस्टोर पॉइंट 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, विंडोजमधून तो ॲडमिनिस्ट्रेटरलाही सहजी उघडत नाही, पण नॉपिक्सला काय त्याचं. आत रांगेने पॉइंट होते. फेब्रुवारीतल्या एका पॉइंटमधून सॅमची नक्कल घेतली, आणि सिसकीची किल्ली जिच्यात असते ती सिस्टीमची नक्कलही. कुंडीखालची किल्ली मलाही लागणारच होती.

पुण्याला आलो. तक्ते उतरवायला ऑफिसच्या लाइनवर रात्र गेली होती, ते तयार होते. ऑफक्रॅक सुरू केला. दुसरा तुकडा लगेच आला: '६८'. दोनच अक्षरं. म्हणजे पासवर्ड नऊ अक्षरांचा. आणि शेवटी ६८ म्हणजे बहुधा एखादं साल. पहिल्या तुकड्याच्या शेवटी मग १९ असणार, आणि त्याआधी पाच अक्षरं. मी काही अंदाज बांधायच्या आतच तोही आला. रोमन लिपीत, कॅपिटलमध्ये: कुसुम१९. एलएमला कॅपिटल-स्मॉल कळत नाही, पण दुसऱ्या हॅशशी ताडून पाहता सगळी अक्षरं स्मॉल निघाली. कुसुम१९६८.

आमच्या घरात कुसुम कुणी नाही. आईला फोन केला. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "वहिनींचं माहेरचं नाव रे. लग्नात बदललं. आप्पांना ते नाव चालणार नव्हतं, त्यांच्या आत्याचं होतं." मामींना मी जन्मापासून सुनंदामामी म्हणूनच ओळखतो. रेशनकार्डावर तेच, शाळेच्या नोकरीत तेच. लग्न १९६८ चं.

तिसऱ्या शनिवारी मामांच्या अकाउंटला जुनाच पासवर्ड परत लावला, लॉग ऑफ केलं, त्या पासवर्डाने आत गेलो. हिरव्या नावावर डबल क्लिक केलं. एक्सेल उघडलं. चार पतसंस्थांतल्या ठेवी होत्या, त्यातल्या एकीची पावती घरात कुणी पाहिलीच नव्हती आणि तिची मुदत आदल्या वर्षी संपली होती. मामींनी चष्मा लावून एकेक आकडा वहीत उतरवून घेतला. शेवटच्या शीटवर 'हातउसने' असं लिहून नावं होती, तारखांसकट. चौथं नाव माझ्या बाबांचं. मामी म्हणाल्या, "ते पान छापू नकोस." मग विचारलं, "पासवर्ड काय होता रे त्यांचा?" मी सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. चहा टाकायला आत गेल्या, आणि चहा यायला त्या दिवशी बराच वेळ लागला.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. २००७ मध्ये व्हिस्टा आली, तिने एलएम हॅश ठेवणं बंद केलं आणि मूळ ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटच निष्क्रिय करून टाकलं. मग लोकांनी दुसरी वाट धरली: शिफ्टचं बटण पाचदा दाबलं की लॉगिनच्या आधीसुद्धा स्टिकी कीज नावाचा प्रोग्राम सुरू होतो, तो अपंगांच्या सोयीचा. बाहेरून सीडी लावून त्याच्या जागी कमांड प्रॉम्प्ट ठेवायचा की झालं. विंडोज ७ आणि १० वर कितीतरी ऑफिसांत विसरलेले पासवर्ड असेच सुटले. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० मधून सिसकी काढून टाकली गेली. तिचा शेवटचा उपयोग फोनवरून गंडा घालणारे करत होते, लोकांच्याच मशीनला त्यांनाच माहीत नसलेला पासवर्ड लावायचा.

पण खरा बदल बिटलॉकरचा. आता अख्खी डिस्कच एनक्रिप्ट होते, आणि नव्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा आपण काही न करता आपोआप होते. नूर्डाल-हागेनची फ्लॉपी, शिफ्टची युक्ती, रिस्टोर पॉइंट, सगळं एका झटक्यात बाद, कारण डिस्कवर वाचण्यासारखे बाइट्सच उरले नाहीत. उरते ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स पडली, तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल पुसायची एवढंच काम होतं. पण त्याआधी बिटलॉकर ती किल्ली विचारायचा, आणि किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या तेच सर्व्हर बंद, अशा तक्रारी त्या आठवड्यात निघाल्या. २००६ चं माझं प्रकरण आज घडलं असतं तर मामींना मी खरं सांगण्यावाचून काही करू शकलो नसतो.

मामी आता सत्तरीच्या पुढे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला, नातवाशी बोलायला. सुरू करून दिल्यावर पहिलं काम ते केलं: रिकव्हरी की काढली आणि त्यांच्या हिशेबाच्या वहीत हाताने लिहिली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. लिहिता लिहिता म्हटलं, मामी, यातल्या प्रत्येक गटाला अकराने नि:शेष भाग जातो, म्हणजे लिहिताना आकडा चुकला तर कळावं. मामींनी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंय. त्यांनी वही ओढून घेतली, बोटाने एक सोडून एक आकड्यांच्या बेरजा करत गेल्या, आणि पाचव्या गटावर थांबल्या. तिथे मी ७ चा १ लिहिला होता.